ऑपेरा आणि नाटकाचं प्रक्षेपण सभागृहात दाखवताना: परवान्यापासून पडदा पडेपर्यंत

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा किंवा लंडनच्या नॅशनल थिएटरचा प्रयोग आपल्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरतं आणि बहुतेक संस्था त्याची तयारी सिनेमाच्या खेळासारखी करतात. गाडी तिथेच घसरते. सिनेमा तुमच्यासाठी थांबतो, दहा मिनिटं उशिरा लावला तरी त्याचं काही बिघडत नाही. थेट प्रक्षेपण कुणासाठी थांबत नाही. मध्यंतर किती वेळाचं हे तुमच्या हातात नसतं, आणि सुटलेला प्रवेश मागे नेऊन पुन्हा लावता येत नाही.

चुका मात्र त्याच त्याच होतात. वेळेत एका तासाचा घोळ, प्रयोगाची फाइल न उघडणारी डिजिटल चावी, संगीत आहे पण संवाद नाहीत असा आवाज, आणि मध्यंतर संपलं तरी न संपलेली रांग. यातली एकही चूक प्रयोगाच्या संध्याकाळी निस्तरता येत नाही. सगळ्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत टाळाव्या लागतात. म्हणून खालचा क्रम पाळा, आणि निदान पहिल्या तीन पायऱ्या पूर्ण होईपर्यंत तिकीटविक्री उघडू नका.

## पायरी १: थेट की मुद्रित, आणि हक्क कोणाकडून

पडद्यावर येणारे प्रयोग दोन प्रकारचे असतात. एक थेट, म्हणजे तिकडे रंगमंचावर चालू असतानाच उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून येणारे. दुसरे मुद्रित, म्हणजे आधी चित्रित करून नंतर डिस्कवर किंवा फाइलच्या रूपात पाठवलेले. थेट दाखवून झालेल्या प्रयोगाचा नंतरचा खेळ ‘एन्कोअर’ नावाने मिळतो. नॅशनल थिएटर लाइव्हचे बरेच प्रयोग हल्ली आधी मुद्रित होऊनच चित्रपटगृहांत येतात.

तुमचा पहिलाच कार्यक्रम असेल तर मुद्रित प्रयोगच घ्या. थेटचं आकर्षण मला कळतं. हजारो मैलांवरचा प्रयोग याच क्षणी आपण पाहतोय, ही जाणीव वेगळीच असते. पण सभागृहाचा आवाज, दिवे, रांगा आणि माणसं एकदा नीट जुळलेली नसताना थेटचा ताण त्यावर चढवू नये.

हक्क वितरकाकडून लेखी घ्यावे लागतात. घरगुती वर्गणीचं स्ट्रीमिंग खातं किंवा विकत घेतलेली डीव्हीडी म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा परवाना नव्हे. प्रवेश विनामूल्य ठेवला म्हणून ती अडचण सुटत नाही. करारात पुढच्या गोष्टी शोधून अधोरेखित करा:

- किती खेळ आणि कोणत्या तारखांना
- रक्कम ठोक आहे, तिकीट उत्पन्नाच्या टक्केवारीवर आहे, की किमान हमी अधिक टक्केवारी
- तिकिटाच्या दरावर काही अट आहे का
- जाहिरातीत कोणती छायाचित्रं वापरायची आणि श्रेय कसं लिहायचं
- थेट प्रक्षेपण तुटलं तर भरपाई किंवा एन्कोअरची सोय काय
- स्थानिक संगीत-हक्क संस्थेचं शुल्क यात धरलंय की वेगळं

इशारा: सहाव्या मुद्द्यावर करार गप्प असेल तर वितरकाला विचारून उत्तर लेखी घ्या. ‘बहुतेक आत आलंच असेल’ हे उत्तर नाही.

## पायरी २: वेळ, तीही दोनदा तपासून

मेटची थेट प्रक्षेपणं बहुधा शनिवारी न्यूयॉर्कच्या दुपारी १ वाजता असतात. ती तुमच्या घड्याळात किती वाजता, हे गेल्या महिन्याच्या कार्यक्रमावरून ठरवू नका. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे एरवी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पाच तासांचं अंतर असतं, ते मार्चमधले काही आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीचा आठवडा चारच तासांचं होतं. ज्या देशात घड्याळं बदलतच नाहीत तिथेही पाहुण्या प्रयोगाची वेळ एका तासाने सरकतेच. नोव्हेंबरमधला प्रयोग ऑक्टोबरच्या वेळेवर छापून टाकण्याची चूक इथून येते.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन वेळा वेगवेगळ्या लिहून ठेवा: चाचणी संकेत कधी सुरू होतो, निवेदन आणि प्रास्ताविक कधी, आणि प्रत्यक्ष पडदा कधी उघडतो. तिकिटावर प्रास्ताविकाची वेळ छापा. पडद्याची वेळ छापली तर लोक नेमके त्याच मिनिटाला दारात गर्दी करतात.

तपासा: वितरकाच्या पत्रातली वेळ कोणत्या शहराची आहे? शहराचं नाव लिहिलेलं नसेल तर ती वेळ अजून ठरलेली नाही असंच धरा.

## पायरी ३: सभागृहाची पाहणी

पडद्यापासून सुरुवात करा. ही प्रक्षेपणं १६:९ मापात येतात, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९. सिनेमाच्या पडद्यावर ती १.८५ च्या (उंचीच्या १.८५ पट रुंद) चौकटीत बसतात आणि दोन्ही बाजूंना काळ्या बारीक पट्ट्या राहतात. त्या असायलाच हव्यात. प्रोजेक्टर रुंद सिनेमाच्या २.३९ मापावर तसाच राहिला, तर चित्र वरखाली कापलं जातं आणि सगळ्यात आधी सबटायटल जातात. जर्मन किंवा इटालियन ऑपेराला सबटायटल नाहीत म्हणजे निम्म्या सभागृहाला कथाच नाही.

सपाट जमिनीवर खुर्च्या मांडणार असाल तर चित्राची खालची कड किती उंचीवर येते ते मोजा. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण सव्वा मीटरवर असतं. कड दीड मीटरच्या वर असेल तर बरं. कागदावरच्या मापांवर विश्वास ठेवण्यापेक्षा दोन उंच माणसं तिसऱ्या रांगेत बसवा आणि स्वतः सहाव्या रांगेत बसून सबटायटलची ओळ वाचून बघा.

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. सिनेमाच्या पडद्याची प्रमाणित उजळता ४८ कँडेला प्रति चौरस मीटर. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी हा आकडा ३.१४ ने आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणा, की पडद्यावर किती ल्युमेन पोहोचायला हवेत ते कळतं. ४ मीटर रुंद चित्राचं क्षेत्रफळ ९ चौरस मीटर, म्हणजे साधारण १३५० ल्युमेन. ६ मीटर रुंदीला ३०५० च्या आसपास. रुंदी दीडपट झाली की प्रकाश सव्वादोनपट लागतो, हे भाड्याचा प्रोजेक्टर ठरवताना विसरलं जातं. खोक्यावर छापलेला आकडा नव्या दिव्याचा आणि सगळ्यात भडक मोडचा असतो. तेव्हा हिशेबाच्या दुप्पट आकड्याचं यंत्र घ्या.

सभागृहात बाहेरचा उजेड शिरत असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो. ऑपेराचे कितीतरी प्रवेश जवळजवळ अंधारात घडतात. खिडक्या, दाराच्या फटी, पडद्यावर पडणारा बाहेर जाण्याच्या पाटीचा उजेड हे सगळं दिवसा, कार्यक्रमाच्याच वेळेला बघा. बाहेर जाण्याची पाटी आणि जिन्याचे दिवे मात्र बंद करायचे नाहीत. फार तर पडद्याच्या बाजूने आडोसा करा.

## पायरी ४: प्रयोग हातात येतो

इथे तीन वाटा आहेत. तुमची जी असेल तेवढीच वाचली तरी चालेल.

### डिजिटल सिनेमाचा सर्व्हर असेल तर

मुद्रित प्रयोग डीसीपी नावाच्या फाइलींच्या संचात येतो, बरेचदा हार्ड डिस्कवर. ही डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. कुणीतरी उत्साहाने ती ऑफिसच्या विंडोज संगणकाला लावतं आणि पडद्यावर विचारणा येते: डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करायची का? ‘हो’ दाबलं की प्रयोग पुसला गेला. डिस्क आली की तिच्यावर चिठ्ठी चिकटवा: फक्त सर्व्हरला लावणे.

सर्व्हरवर जागा आहे का ते आधी बघा. डीसीपीत २के चित्राचा वेग कमाल २५० मेगाबिट प्रति सेकंद असतो. त्या हिशेबाने तीन तासांच्या ऑपेराचं नुसतं चित्रच जास्तीत जास्त ३३७ गिगाबाइटच्या आसपास होतं, आवाज वेगळा. प्रत्यक्षात बरेचदा कमी भरतं, पण जागा पूर्ण ठेवा. उतरवून घ्यायला काही तास लागू शकतात. उतरल्यावर सर्व्हरची पडताळणी पूर्ण होऊ द्या, ती मध्येच तोडू नका.

सबटायटलची आवृत्ती पुष्कळदा मूळ संचावर बसणाऱ्या पुरवणीच्या रूपात येते. पुरवणी उतरली आणि मूळ संच उतरलाच नाही, तर यादीत नाव दिसतं पण खेळ चालत नाही. दोन्ही उतरलेत ना ते बघा.

आता चावी. तिला केडीएम म्हणतात. ही छोटी फाइल ईमेलने येते आणि एका विशिष्ट संचाला, तुमच्याच सर्व्हरवर, ठरलेल्या कालावधीपुरती उघडते. बहुतेक फसगत इथे होते, म्हणून चार गोष्टी ओळीने करा:

1. सर्व्हरचा अनुक्रमांक आणि प्रमाणपत्र वितरकाला आजच्या तारखेचं पाठवा. मधल्या काळात सर्व्हर किंवा त्यातला मीडिया ब्लॉक (कुलूपबंद चित्र उलगडणारा भाग) बदलला असेल तर जुन्या नोंदीवरून काढलेली चावी निरुपयोगी.
2. चावीचा कालावधी प्रयोगाच्या निदान एक दिवस आधी सुरू व्हावा अशी मागणी लेखी करा. खेळाच्या एक तास आधी उघडणारी चावी मिळाली तर चाचणी करायला वेळच उरत नाही.
3. चावी आली की तिची सुरुवात आणि शेवट स्थानिक वेळेत लिहून काढा. एकापेक्षा जास्त खेळ असतील तर शेवटचा खेळ त्यात बसतो का बघा.
4. ती सबटायटलच्या आवृत्तीची आहे की मूळ संचाची? चावी चुकीच्या आवृत्तीची असली तर सर्व्हरच्या यादीत कुलूपच दिसतं.

इशारा: चावी उघडत नाही म्हणून सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे करायला जाऊ नका. सुरक्षित घड्याळ वर्षभरात एकूण सहाच मिनिटं हलवता येतं. तसंही, चूक घड्याळात नसून चावीत असण्याचीच शक्यता जास्त. वितरकाला फोन करा.

चावी उघडल्यावर सुरुवातीची पाच मिनिटं, मधली पाच आणि शेवटची पाच चालवून बघा. फक्त सुरुवात बघून समाधान मानू नका. तिसऱ्या अंकाला सबटायटल आहेत का हे तिसरा अंक लावल्याशिवाय कळत नाही.

### उपग्रहावरून थेट घेणार असाल तर

वितरक काही दिवस आधी चाचणी संकेत सोडतात. त्या वेळेला तुमचा तंत्रज्ञ जागेवर हवाच. रिसिव्हरवर संकेताची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे असतात. बघायचा तो गुणवत्तेचा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता काठावर, अशी डिश कोरड्या हवेत चालते आणि जोराच्या पावसात चित्राचे तुकडे करते. आकडा लिहून ठेवा, प्रयोगाच्या दिवशी त्याच्याशी तुलना करा. डिशच्या समोर मधल्या काळात झाडाची फांदी किंवा मंडपाचा खांब आलेला नाही ना, हे खालून डोळ्यांनी बघा.

रिसिव्हर ते प्रोजेक्टर ही जोडणी खऱ्या केबलने, खऱ्या लांबीने तपासा. एचडीएमआयवरून येणाऱ्या संकेताला चोरीविरोधी संरक्षण असतं, आणि ते न ओळखणारा जुना प्रोजेक्टर काळा पडदा दाखवतो. शेजारच्या टीव्हीवर चित्र आलं म्हणजे प्रोजेक्टरवर येईलच असं नाही.

### संगणक किंवा प्लेअरवरून

इंटरनेट तारेचं घ्या, वायफाय नको. प्रेक्षक आत आले की त्यांचे फोन त्याच वायफायवर येतात आणि दुपारी उत्तम चाललेलं संध्याकाळी अडखळतं. संगणकाची झोप, अपडेट, स्क्रीनसेव्हर आणि सूचना बंद करा. आवाज नेमका कोणत्या मार्गाने बाहेर जातोय ते ठरवून लॉक करा. चित्रातले काळे भाग राखाडी दिसत असतील किंवा अंधारातले तपशील पार गिळले जात असतील, तर संगणक आणि प्रोजेक्टर यांच्या रंगमर्यादेच्या सेटिंगमध्ये तफावत आहे. एक पूर्ण, एक मर्यादित असं झालेलं असतं. दोन्हीकडे एकच ठेवा.

## पायरी ५: आवाज

या पायरीला अर्धा दिवस द्या. चित्र थोडं फिकं असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतात, आवाज बिघडला तर ते मध्यंतरात निघून जातात.

संवाद कुठे गेले? प्रक्षेपणाचा ध्वनी बहुधा ५.१ असतो: समोर डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि खर्ज. नाटकाचे संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. तुमच्या सभागृहात समोर दोनच स्पीकर आहेत आणि कुणी ५.१ मधल्या फक्त डाव्या-उजव्या तारा जोडल्या, तर वाद्यवृंद दणक्यात ऐकू येतो, टाळ्या येतात, पावलांचे आवाजही येतात आणि नट मात्र नुसते ओठ हलवतात. चाचणीला पूर्वसंगीतच ऐकलं तर हे लक्षातही येत नाही. उपाय दोन. रिसिव्हरवर किंवा प्लेअरवर स्टिरिओचा पर्याय निवडा. नाहीतर मिक्सरवर मधली वाहिनी डाव्या-उजव्यात ३ डेसिबलने उतरवून मिसळा. मधला स्पीकर असेलच, तर तो पडद्याच्या मागे किंवा लगेच वर-खाली हवा, बाजूच्या कोपऱ्यात नको.

तपासा: चाचणीला एक बोललेला संवाद, एक एकट्या आवाजाचं गाणं आणि एक पूर्ण वाद्यवृंद अशा तीन जागा ऐका. तिन्ही समोरून आल्या पाहिजेत.

पातळी. रिकाम्या सभागृहात आवाज मोठा वाटतो. भरलेल्या सभागृहात माणसं आणि कपडे तो शोषून घेतात. म्हणून रिकाम्यात ‘जरासा जास्त’ वाटेल इतका ठेवा. पातळी लावताना सर्वांत हळू जागा शेवटच्या रांगेत आणि सर्वांत दणदणीत जागा पहिल्या रांगेत ऐकायची, मग आकडा नोंदवायचा. त्यानंतर प्रयोग चालू असताना हात लावायचा नाही. गायिका हळू आवाजात उतरली म्हणून कुणी आवाज वाढवतं आणि पुढच्याच क्षणी समूहगान कानठळ्या बसवतं. कुजबुज आणि कल्लोळ यांच्यातलं अंतर हाच ऑपेराचा प्राण आहे, ते सपाट करू नका. त्याच कारणाने ॲम्प्लिफायरवरचा ‘नाइट मोड’ किंवा आपोआप पातळी सांभाळणारा पर्याय बंद ठेवा.

ओठ आणि शब्द. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो, त्यामुळे आवाज चित्राच्या आधी पोहोचतो. आधी आलेला आवाज माणसाला लवकर खटकतो: सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो, मागे पडलेला मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो. शिवाय आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे वीस मीटर मागे बसलेल्याला तो ६० ने उशिरा मिळतो. म्हणून मेळ पुढच्या रांगेत उभं राहून लावू नका. सभागृहाच्या मध्यावर बसा, जवळून टिपलेला बोलणारा चेहरा लावा आणि ध्वनीचा विलंब दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत जा. ‘प’, ‘ब’, ‘म’ या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे नजर ठेवली की फरक चटकन पकडता येतो.

## पायरी ६: मध्यंतराचा आराखडा

अंक किती यावरून मध्यंतरं किती हे ठरत नाही. पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’ला अंक चार आहेत, मध्यंतरं कमी असतात. वाग्नरचा ‘दास राइनगोल्ड’ अडीच तास सलग चालतो, मध्यंतरच नाही. त्याच्याच ‘ग्योटरडेमरुंग’चा पूर्वरंगासह पहिला अंक एकटाच जवळजवळ दोन तासांचा. तेव्हा वितरकाकडून त्या विशिष्ट निर्मितीचा वेळतक्ता घ्या आणि तोच प्रमाण माना.

मग साधा भागाकार. एका काउंटरवर एका माणसाला ३० सेकंद लागतात असं धरा. २५ मिनिटांच्या मध्यंतरात ५० जण होतात. दीडशे प्रेक्षक असतील तर तीन काउंटर हवेत, किंवा प्रयोगापूर्वीच मागणी आणि पैसे घेऊन मध्यंतरात नुसतं हातात देण्याची सोय. स्वच्छतागृहांचाही हाच हिशेब करा. महिलांची रांग नेहमी लांब असते, म्हणून शक्य असेल तर त्या दिवसापुरती जास्त स्वच्छतागृहं त्यांच्यासाठी खुली ठेवा. मध्यंतर नसलेला प्रयोग असेल तर हे सगळं प्रयोगाआधीच्या पाऊण तासात होईल अशी व्यवस्था लावा आणि तिकिटावर ‘मध्यंतर नाही’ असं ठळक लिहा.

थेट प्रक्षेपणात मध्यंतरात मुलाखती, नेपथ्य बदलतानाची दृश्यं दाखवतात आणि पडद्यावर उलटी गणती चालते. कित्येकांना हाच भाग सगळ्यात आवडतो. म्हणून दिवे पूर्ण लावून आवाज बंद करू नका. दिवे अर्धे, आवाज थोडा खाली. घंटा गणतीच्या १० मिनिटांवर, ५ वर आणि तिसरी २ वर. बाहेरच्या दालनात पडदा दिसत नाही, तेव्हा तिथे एक माणूस उभा हवाच.

आता दिव्यांचा आणि आवाजाचा सूचनाकागद करा. एका ओळीत वेळ, पडद्यावर काय दिसेल, आणि कुणी काय करायचं. नमुना असा:

- ०:०० – प्रास्ताविक, निवेदिका पडद्यावर – दिवे अर्धे, दारं उघडी
- ०:१२ – संगीतसंचालक वाद्यवृंदाच्या खड्ड्यात येतात, टाळ्या – दिवे पूर्ण बंद, दारं लावा
- ०:५८ – पहिला अंक संपतो, पडदा – पाच सेकंद थांबून दिवे अर्धे

शेवटच्या ओळीतले ते पाच सेकंद महत्त्वाचे. शेवटचा स्वर विरायच्या आत दिवे लागले तर अंकाचा परिणाम पुसून जातो.

मुद्रित प्रयोगात मध्यंतर संचातच भरलेलं आहे की तुम्हाला खेळ थांबवायचाय, हे याच कागदावर लिहा. थांबवायचा असेल तर नेमक्या कोणत्या मिनिट-सेकंदाला, तेही.

## पायरी ७: तिकीट आणि सूचना

हे लवकर उरकतं. तिकिटावर आणि जाहिरातीत एवढं हवंच: प्रास्ताविकाची वेळ, मध्यंतरांसह संपण्याची अंदाजे वेळ, भाषा आणि सबटायटलची भाषा, थेट की मुद्रित, उशिरा येणाऱ्यांना कधी आत सोडणार, आणि बिघाड झाल्यास परताव्याचा नियम. नाटकात चमचमणारे दिवे, हिंसा किंवा नग्नता असेल तर वितरकाची सूचना जशीच्या तशी छापा. पडद्यावर काय बघायला मिळणार हे लोक गृहीत धरतात. रंगमंचावर खरे कलाकार येणार अशा समजुतीने कुणी आलं, तर दोष जाहिरातीचा.

## पायरी ८: प्रयोगाचा दिवस

तीन माणसं, तीन कामं. तंत्रज्ञ यंत्रापाशी. व्यवस्थापक दारापाशी आणि बाहेरच्या दालनात. तिसरी व्यक्ती सभागृहाच्या आत, मागच्या रांगेत, प्रेक्षक म्हणून ऐकणारी. ही तिसरी व्यक्ती बहुतेक ठिकाणी नसते, आणि मागे आवाज येत नाहीये हे मध्यंतरापर्यंत कुणालाच कळत नाही.

तीन तास आधी सगळं चालू करा आणि चाचणीच्या नोंदींशी ताडून बघा: संकेताची गुणवत्ता, आवाजाचा आकडा, विलंब, चित्राचं माप. दीड तास आधी वितरकाच्या मदत क्रमांकावर एकदा फोन लावून तो लागतो याची खात्री करा. अर्धा तास आधी दारं. त्यानंतर यंत्राच्या सेटिंगमध्ये कोणतीही ‘छोटीशी सुधारणा’ नाही.

प्रास्ताविकाआधी एका माणसाने पडद्यासमोर उभं राहून मिनिटभर बोलावं: मध्यंतरं किती, संपणार कधी, फोन बंद, चित्रीकरणाला मनाई. मुद्रित आवाजापेक्षा माणूस बरा. पुढे काही बिघडलंच तर हाच ओळखीचा चेहरा पुन्हा समोर येतो आणि लोक शांत राहतात.

इशारा: शेवटी कलाकार नमन करायला येतात तेव्हा दिवे लावू नका. सभागृहातल्या प्रेक्षकांना टाळ्या वाजवायच्या असतात, त्यांना ती जागा द्या.

## पायरी ९: चित्र गेलं तर

पहिली तीस सेकंद कशालाही हात लावायचा नाही. पडद्यावर वितरकाची पाटी किंवा चिन्ह दिसत असेल तर बिघाड तिकडचा आहे, तुमच्याकडून काही होण्यासारखं नाही. पूर्ण काळोख असेल तर रिसिव्हरवरचा गुणवत्तेचा आकडा बघा. आकडा शाबूत असेल तर केबल किंवा प्रोजेक्टरचं इनपुट. आकडा पडला असेल तर डिश आणि हवा. तंत्रज्ञाने मदत क्रमांकावर बोलायचं, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय रिसिव्हर बंद-चालू करायचा नाही. तो पुन्हा उभा राहायला काही मिनिटं घेतो आणि तेवढ्यात परत आलेलं चित्र तुमच्याकडेच दिसत नाही.

इकडे मिनिटभराच्या आत दिवे अर्धे आणि निवेदक पुढे. काय झालं हे माहीत नसेल तर तसंच सांगा आणि पुढची माहिती किती मिनिटांनी देणार ते सांगा. ती वेळ पाळा, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी. परतावा किंवा एन्कोअरचं तिकीट कधीपासून द्यायचं हा आकडा आधीच ठरवलेला असावा. मी १५ मिनिटं धरते: सलग तेवढा भाग गेला तर मागणाऱ्याला हुज्जत न घालता परत.

मुद्रित प्रयोगात सर्व्हर अडकला तर काम सोपं आहे. सूचनाकागदावर प्रत्येक अंकाच्या सुरुवातीची वेळ लिहिलेली असते, तिथून अंदाज घ्या आणि थांबलेल्या जागेच्या मिनिटभर आधीपासून लावा. मात्र शोधाशोध करताना प्रोजेक्टरचा झाकणपडदा (शटर) बंद ठेवा. पुढचा प्रवेश उडत्या चित्रांत दिसला तर नाटकातला धक्का फुकट जातो.

## पायरी १०: दुसऱ्या दिवशी

तिकिटांचा हिशेब वितरकाला कराराच्या मुदतीत पाठवा, मोफत पासांसह. डिस्क सांगितलेल्या पत्त्यावर, त्याच खोक्यातून परत करा, कारण ती पुढच्या सभागृहाला जायची असते. चावीची मुदत संपल्यावर संच सर्व्हरवरून काढून टाका, म्हणजे पुढच्या प्रयोगाला जागा राहते.

सूचनाकागदावर प्रत्यक्षातल्या वेळा लाल पेनाने लिहा: मध्यंतर खरंच किती मिनिटांचं झालं, शेवटची रांग केव्हा संपली, आवाजाचा कोणता आकडा भरलेल्या सभागृहात योग्य वाटला. मागच्या रांगेतल्या त्या तिसऱ्या व्यक्तीचं म्हणणं त्याच दिवशी विचारून त्याच कागदावर उतरवा आणि कागद यंत्राच्या कपाटात लावून ठेवा. पुढच्या चाचणीला तंत्रज्ञ बदललेला असेल, तेव्हा त्याला हाच कागद हातात द्यायचा.